गुळाची तुला

कणकेत तूप लपवताना आता हातसुद्धा थरथरत नाही, याचीच सुनंदाबाईंना जास्त भीती वाटायची. पहिले काही दिवस त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. आता दार सताड उघडं असायचं, बाहेर नरसिंहराव पेपर वाचत बसलेले असायचे आणि आत परातीत कणकेवर मोठा डाव भरून तूप पडायचं. तव्यावरून उतरलेल्या फुलक्याला मात्र तुपाचं बोटही लावायचं नाही, कोरडाच ताटात वाढायचा. नरसिंहराव तो उलटसुलट करून मुलाला कौतुकाने दाखवायचे, की बघ, तुपाचा थेंब नाही आणि तरी तुझ्या आईच्या हाताला मऊपणा किती. अशा वेळी सुनंदाबाईंना हटकून पाण्याचा तांब्या आठवायचा आणि त्या आत वळायच्या.

फुलक्यांवर भागत नव्हतंच. पल्या, म्हणजे आपली कोरडी भाजी, तिच्यात काजूचं वाटण जायचं. ताकात साय घुसळलेली असायची. वजन उतरवलं नाही तर जिवाला धोका आहे असं डॉक्टरांनी बजावलेल्या माणसाला त्याची बायको रोज दोन वेळा चोरून तूप चारत होती, आणि ती काही दुष्ट नव्हती. वेडीही नव्हती. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणूनच तिचं हे सगळं चाललं होतं.

श्रावणात नरसिंहराव चिकपेटेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात वरच्या फळीवरचा ताका काढताना छातीला हात लावून खाली बसले. आजोबांच्या वेळेपासून या घराण्याने बंगळूरला कापड विकलं होतं, पण दुकान भरल्या बाजारी बंद करायची वेळ कधी आली नव्हती, ती त्या दिवशी आली. इस्पितळात त्यांना आत नेण्याआधी वजनकाट्यावर उभं केलं. नर्सने कन्नडमध्ये आकडा पुकारला, तोंबत्तेरडु, आणि दार बंद झालं. ब्याण्णव. बाहेर उभ्या सुनंदाबाईंच्या कानात तेवढा एकच शब्द राहिला होता. त्यांनी तिथेच पदर पसरून विठ्ठलाला सांगितलं की यांना परत दे, आत्ता पुकारलं त्या वजनाच्या गुळाने यांची तुला करीन.

विठ्ठलाने परत दिलं. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, त्यांच्या समाजाच्या देवळात तुलेचा मोठा तराजू वर्षातून एकदाच, रथसप्तमीला बाहेर निघतो, तोवर थांबणं आलं.

डॉक्टर सुधींद्र उंच, शांत गृहस्थ. ते कन्नडच बोलायचे. औषधं लिहून झाल्यावर त्यांनी सांगितलं की गोळ्या अर्धं काम करतील, उरलेलं अर्धं तुमचं. ताट कमी करा आणि चाला. पट्टे, यंत्रं, मालिश, घाम काढायच्या पेट्या, यातलं काही आणू नका, ती यंत्रं विकणाऱ्याचंच वजन तेवढं वाढवतात. नरसिंहरावांना हे फार पटलं. मापात कधी बोटभर कापड न मारलेला माणूस तो, स्वतःच्या कष्टाने मिळेल तेवढंच आपलं, असा त्यांचा जन्माचा हिशेब.

त्यांचा मुलगा हर्ष मात्र कंप्युटरच्या कंपनीत. त्याला टीव्हीवर सकाळी दाखवतात त्या यंत्राचं वेड लागलं आणि एक दिवस ते घरी येऊन उभं राहिलं. कमरेला रुंद पट्टा अडकवायचा, बटण दाबायचं, पट्टा गदगदा हलवतो आणि म्हणे चरबी आपोआप झडते. नरसिंहरावांनी त्याच्याकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि पायात बूट घालून ते फिरायला निघून गेले. दोन दिवसांनी सुनंदाबाईंनी यंत्राच्या दांड्यावर ओले टॉवेल टाकायला सुरुवात केली.

आणि नरसिंहराव चालायला लागले. बनशंकरीतल्या त्यांच्या घरापासून देवीच्या देवळाच्या बाजूला जाणारा चढ, वर जाऊन परत. पहिल्या आठवड्यात अर्ध्यातच लिंबू विकणाऱ्या बायकांच्या शेजारी टेकायचे. मग हळूहळू वर पोचायला लागले. डोसा सोडला, दुकानातली चारची भजी सोडली, जेवणानंतरचं केळंसुद्धा सोडलं. दर सोमवारी दुकानाशेजारच्या धान्याच्या वखारीत जाऊन पोत्यांच्या काट्यावर उभे राहायचे. वखारीतली माणसं थट्टा करायची, राव, कुठला तांदूळ, सोनामसुरी की राजमुडी म्हणून. पण काटा खरोखर उतरत होता. दसऱ्याला त्यांची जुनी विजार कमरेत इतकी सैल झाली की ती हातात धरून ते घरभर हिंडले. बायकोला म्हणाले, "बघ, शिंप्याकडे द्यायला हवी. आत घ्यायला सांगायची, आत!" साठीला आलेला माणूस शाळेत पहिला आल्यासारखा हसत होता. सुनंदाबाईही हसल्या. तोवर सगळं सरळ होतं.

दिवाळीला नणंद आली. पद्मावतीअक्का म्हणजे नरसिंहरावांची थोरली बहीण, मल्लेश्वरमला राहणारी. भावावर तिचा अतोनात जीव, आणि नेमधर्मात तिच्यापुढे तोंड उघडायची घरात कुणाची छाती नव्हती. ओवाळून झाल्यावर तिने भावाला नीट न्याहाळलं आणि भावजयीला आत बोलावलं.

"नवस किती वजनाचा बोललीस?"

सुनंदाबाईंनी सांगितलं.

"आणि आता हा किती भरतो? देवाला ब्याण्णव बोलायचं आणि काम झालं की माणूस उतरवून तुलेत बसवायचा? हे बरं दिसतं का गं?"

मग तिने त्यांच्या एका काकांची गोष्ट सांगितली. त्यांचीही तुला बोललेली होती, पण तापाने ते निम्मे झाले आणि तसेच पारड्यात बसले. वर्ष पुरं झालं नाही. सुनंदाबाईंनी घाबरत विचारलं की कमी पडेल तेवढा गूळ वरून वाहिला तर चालणार नाही का. अक्का म्हणाली, तो दान झाला, तुला नव्हे. तुलेत पारडी समोरासमोर यावी लागतात. तिने हे दुष्टपणाने सांगितलं नाही. सांगताना तिचेही डोळे भरले होते, आणि म्हणूनच ते सुनंदाबाईंच्या पोटात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी नरसिंहरावांना जरा ठसका लागला, तर सुनंदाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. एकीकडे डॉक्टर, एकीकडे विठ्ठल, आणि मध्ये काट्यावर उभा नवरा. डॉक्टरांनी औषधं दिली हे खरं, पण बंद दारामागून माणूस परत कुणी दिला, याबद्दल सुनंदाबाईंच्या मनात शंका नव्हती. रथसप्तमीपर्यंतच तर, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एकदा पारडी समोर आली की मग हवं तेवढं उतरू देत. त्या संध्याकाळी कणकेत पहिला डाव पडला.

काटा थांबला. मग थोडा वर गेला. नरसिंहरावांना आधी वखारीच्या काट्याचाच संशय आला, त्यांनी दुसऱ्या दुकानातला काटा पाहिला. तोही तेच म्हणाला. त्यांनी रात्रीचा एक फुलका कमी केला. सुनंदाबाईंनी उरलेल्या फुलक्यांत तूप वाढवलं. नरसिंहरावांनी सकाळच्या फेरीला संध्याकाळचीही फेरी जोडली. दुकानातून दमून आलेला माणूस चहा न घेता पुन्हा त्या चढाला लागायचा आणि परत यायचा तेव्हा ओठ पांढरे पडलेले असायचे. नवरा हातापायांनी ओझं खाली ढकलत होता आणि बायको ते पुन्हा त्याच्या पाठीवर ठेवत होती. हे तिला दिसत होतं, रोज दिसत होतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी परात समोर आली की काकांची गोष्ट आठवायची.

हर्षला अर्थात आयतीच संधी मिळाली. "अण्णा, चालून काही होत नाही हो. मशीन सायंटिफिक आहे, एकदा ट्राय तर करा," असं त्याने लावून धरलं. तो वाईट मुलगा नव्हता, बापाच्या काळजीनेच बोलत होता. एका रविवारी नरसिंहरावांनी दांड्यावरचे टॉवेल काढले, नीट घडी करून खुर्चीवर ठेवले आणि पट्टा कमरेला अडकवला. हर्षने बटण दाबलं. आजोबांच्या पेढीवर बसून मोठमोठ्या व्यापाऱ्यांशी मोजकं बोलणारा तो भारदस्त माणूस पोट, गाल आणि चष्म्यासकट गदगदा हलायला लागला. चष्मा नाकावरून घसरला तो सावरायलाही त्यांना जमेना. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सुनंदाबाईंना ते बघवलं नाही. एका शब्दात थांबवता आलं असतं. त्या आत जाऊन परात पुढ्यात घेऊन बसल्या.

पट्ट्यानेही काही झालं नाही. होणार कुठून?

मार्गशीर्षात डॉक्टरांकडे जायची पाळी आली. डॉक्टर सुधींद्रांनी छाती तपासली, कागद पाहिले, काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. काय खाता म्हणून विचारलं. नरसिंहरावांनी सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं सांगितलं, मोजून, एकही घास न वगळता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते जरासे हसले. पेटेतले सगळेच लोक असंच सांगतात, असं म्हणून त्यांनी विचारलं की तुमच्या दुकानाजवळ उभ्याने खायचं हॉटेल कुठलं आहे?

नरसिंहरावांचे कान लाल झाले. आयुष्यात त्यांना कुणी खोटं म्हटलं नव्हतं. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"सुनंदा, तू सांग यांना. मी बाहेर काही खातो का?"

"नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "बाहेर काही खात नाहीत."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि हे बोलताना जितकी लाज वाटली तितकी जन्मात कधी वाटली नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही हे उघड होतं. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की संध्याकाळची फेरी आधी बंद करा, हृदयाला ती झेपत नाही. आणि दोन महिन्यांत वजन उतरलं नाही तर छाती उघडावी लागेल, या वजनावर ती उघडणंही सोपं नाही.

दवाखान्याच्या जिन्यात नरसिंहराव मध्येच थांबले. सुनंदाबाईंना वाटलं दम लागला. ते कठड्याला टेकून खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "मीच कुठंतरी चुकत असेन गं. दुकानात कुणी हातावर काही ठेवलं तर खाऊन विसरत असेन. त्या दिवशी छातीबरोबर डोक्यालाही काही झालं असेल. तू लक्ष ठेव माझ्यावर."

मग मात्र सुनंदाबाईंच्याने राहवेना. छाती उघडायची गोष्ट ऐकूनही त्या गप्प राहिल्या होत्या, पण हा माणूस स्वतःच्या शब्दावरचा विश्वास सोडायला निघाला होता, तोही त्यांनाच साक्षीला ठेवून. वर जाणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांच्या गर्दीत, जिन्याच्या त्या पायरीवरच त्यांनी सगळं सांगून टाकलं. कणीक, काजू, साय, नवस, अक्का, काका, सगळं. रडत नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या.

नरसिंहरावांनी पूर्ण ऐकून घेतलं. कधीपासून, एवढंच विचारलं. दिवाळीपासून, त्या म्हणाल्या. त्यांनी वळून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. त्यांना तो संध्याकाळचा चढ दिसत असावा.

"नवस कशासाठी बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाचावं म्हणून."

"मग?"

 नरसिंहराव पुढे झाले आणि कठडा धरून एक एक पायरी उतरायला लागले. हात धरायला त्या पुढे गेल्या तर त्यांनी हात बाजूला घेतला.

त्या दिवसापासून नरसिंहराव आपलं जेवण आपण करायला लागले. ओरडले नाहीत, कुणाला सांगितलं नाही, हर्षलासुद्धा नाही. डॉक्टरांना फक्त फोन करून म्हणाले, चूक सापडली, आता होणार नाही. दुकानातल्या माणसांकडून त्यांनी रागी मुद्दे शिकून घेतले, नाचणीच्या पिठाचा तो उकडलेला गोळा. सकाळी छोट्या पातेल्यात पाणी ठेवायचे, पीठ घालून घोटायचे, दोडक्याची नाहीतर भोपळ्याची फोड वाफवायचे, आणि आपलं ताट घेऊन आपल्या नेहमीच्या जागी बसायचे. मीठ लागलं तर सुनंदाबाईंकडे मागायचे, अगदी नीट, शेजारणीकडे मागावं तसं. पातेलं स्वतः घासून पालथं घालायचे. त्यांनी भांडून घर डोक्यावर घेतलं असतं तर सुनंदाबाईंना बरं वाटलं असतं. चाळीस वर्षं ज्या माणसाला वाढून मग स्वतःच्या तोंडात घास घातला, तो आता पाणीसुद्धा त्यांच्या हातून न घेता माठ उघडून स्वतः घेत होता. बाजारात अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस आले, घराघरात त्या शेंगांच्या दाण्यांचा वास सुटला. नरसिंहरावांना त्याची उसळ जीव की प्राण. सुनंदाबाईंनी बिनतेलाची, नुसत्या मिठाची केली आणि त्यांच्या ताटाशेजारी वाटी ठेवली. जेवण झाल्यावर वाटी तशीच होती. त्यांनी ती ओट्याशी उभ्या उभ्या एकटीने संपवली.

सकाळचा चढ चालूच राहिला आणि काटा उतरायला लागला. विजार पुन्हा सैल झाली. या वेळी ती हातात धरून कुणी घरभर हिंडलं नाही, नरसिंहरावांनी परस्पर शिंप्याकडे दिली. हर्षला काही तरी बिनसलंय एवढं कळत होतं. यंत्र त्याने एका मित्राला देऊन टाकलं.

रथसप्तमी जवळ आली तसा सुनंदाबाईंचा जीव टांगणीला लागला. ते येणारच नाहीत अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. धीर करून विचारलं तेव्हा नरसिंहराव म्हणाले, "येईन. देवाचं काय चुकलं?"

देवळात सकाळपासून गर्दी. मंडपाच्या कडीला लोखंडी दांडी टांगलेली, दोन्हीकडे साखळ्यांना बाजेएवढी पारडी. तिथली रीत अशी की नवस जो बोलला त्यानेच पारड्यात घालायचं आणि त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हर्षने मंड्याच्या गुळाच्या ढेपा आणून ठेवल्या होत्या, सांगितल्याप्रमाणे बरोबर ब्याण्णव किलो. नरसिंहराव धोतर नेसून, उपरणं घेऊन पारड्यात मांडी घालून बसले. सुनंदाबाईंनी एक एक ढेप उचलून दुसऱ्या पारड्यात रचायला सुरुवात केली. शेवटी शेवटी नवऱ्याचं पारडं जमिनीवरून उचललं, आणि राहिलेल्या ढेपा पडल्या तसा गूळ धप्पकन खाली बसला. नरसिंहराव वर हवेत लटकत राहिले, एका हाताने साखळी धरून.

मागून कुणीतरी म्हणालं, देवाला स्वल्प जास्त झालं, आणि लोक हसले. पद्मावतीअक्का पुढेच बसली होती, तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. रघुपतीभटजी वाट बघून म्हणाले, "काढा बाई, थोडं काढा. सरी करा, सारखं करा."

सुनंदाबाईंचा हात ढेपेवर होता आणि उचलत नव्हता. ही ढेप काढली की तेवढा नवरा देवाला कमी दिला. काढली नाही तर तो असाच वर टांगलेला. त्यांनी मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा नरसिंहराव सरळ त्यांच्याकडे बघत होते. त्या डोळ्यांत राग असेल असं त्यांना वाटलं होतं. तिथे भीती होती. ही आता काय करते, अशी भीती. हा माणूस आपल्याला भितो, हे सुनंदाबाईंना भर देवळात कळलं, आणि काकांच्या मरणाची जी धास्ती त्यांनी दिवाळीपासून पोटात वागवली होती ती याच्यापुढे काहीच वाटेना.

त्यांनी ढेप उचलली. खाली ठेवली. मग दुसरी. अक्काने डोळे मिटून घेतले. सुनंदाबाई एक एक ढेप काढत राहिल्या आणि पारडं हळूहळू खाली येत राहिलं, शेवटी दोन्ही पारडी समोरासमोर येऊन जराशी हलत थांबली. भटजींनी घंटा वाजवली. हर्षने हात देऊन वडलांना उतरवलं.

आरती झाली. भटजींनी तुलेतल्या गुळाचा एक खडा फोडून सुनंदाबाईंच्या हातावर ठेवला, यजमानांना द्या म्हणाले. त्यांनी तो पुढे केला. नरसिंहरावांनी हात पुढे केला नाही. खड्याकडे बघत, आवाज खाली ठेवून त्यांनी विचारलं, "यात काही नाही ना?"

जवळपासच्या लोकांना ही रावांची थट्टा वाटली आणि सगळे हसले. हर्षही हसला. नरसिंहराव हसले नव्हते.

सुनंदाबाईंनी तो खडा स्वतःच्या तोंडाला लावला, सगळ्या समाजादेखत, आणि अर्धा दातांनी तोडला. अगं, उष्टं, असं अक्का पुटपुटली. सुनंदाबाई चावत राहिल्या आणि उरलेला अर्धा तळहातावर घेऊन उभ्या राहिल्या. नरसिंहराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी गिळलेलं पाहिलं, आणि मग हात पुढे केला.